एका दिवसाची फेरी

नवऱ्याच्या निरोपसमारंभात सगळे हसले, तेव्हा मीही हसले. नुसती हसले नाही, सगळ्यांत मोठ्यानं हसले. हे तिथं कळलं नाही. घरी येऊन आरशासमोर केसांतले चाप काढताना कळलं, आणि एक चाप हातातच राहिला. झालं होतं एवढंच, की त्याच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनं भाषणात ती फेरी काढली. आमचा नवरा दर वर्षी थंडीत एक सुट्टी धरून भूशिराची सगळी किनार एका दिवसात पायी चालून येतो, बसच्या शेवटच्या स्टॉपवरून भल्या पहाटे निघतो, समुद्राच्या कडेकडेनं पूर्ण वळसा घालतो आणि अंधार पडायच्या आत त्याच स्टॉपवर परत येतो, हे त्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. हेडक्लार्क म्हणाला, "साहेब वर्षभर समुद्र टेबलावर काढायचे आणि एक दिवस पायाखाली घालायचे." टाळ्या पडल्या. मग कुणीतरी मला विचारलं, "वहिनी, तुम्ही नाही गेलात कधी?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात नवरा म्हणाला, "हिला? हिला आमच्या जिन्यावर धाप लागते. हिला नेली तर येताना खांद्यावर घालून आणावी लागेल." त्यावर तो हशा. त्याला विनोद क्वचितच जमतो. तो एक जमला. मी पदर तोंडाला लावून हसले, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून हसतो तसं, आणि मग चाप हातात धरून आरशात बघत राहिले. मला धाप लागते हे खरं आहे का, एवढंच मी आठवून बघत होते. लागत नव्हती. कधीच लागली नव्हती. जिन्यावर मी थांबते ती तो मागं राहतो म्हणून.

माझं अख्खं आयुष्य उभ्यानं गेलंय. कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाशी. ते टेबल म्हणजे एखाद्या लांब बोळाएवढं. ताग्याचं एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं, आणि चालत जाऊन थरावर थर अंथरायचे, परत यायचं, परत जायचं, कुठं सुरकुती राहिली तर सगळे थर उचलायचे. आता मी अंथरत नाही, आता मी कापायच्या आकारांचा खाका मांडते आणि सुरी चालवते आणि पोरी मला मास्तरीण म्हणतात, पण उभीच असते. घरी आल्यावर पुन्हा ओट्याशी उभी. नवरा बसून काम करणारा. बंदर खात्यात नकाशे काढायचा, जहाजांसाठी लागतात ते समुद्राचे नकाशे: उतरतं टेबल, वर दिवा, डोळ्याला भिंग, बारीक निबाचं पेन. पाण्याची खोली, बुडालेले खडक, किनाऱ्यावरच्या खुणा. हात असा की रेघेवर केस ठेवला तर केस जाड दिसावा. त्या हाताचा मला फार अभिमान होता, आहे म्हटलं तरी चालेल. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. मनात 'तो' म्हणते. पूर्वी मनातही अहोच म्हणत होते, ते कधी सुटलं ते आठवत नाही.

फेरीच्या दिवशी तो रात्री परत यायचा तेव्हा जिन्यातूनच त्याच्या पावलांचा आवाज यायचा, मुद्दाम जड केलेला. हा 'मुद्दाम' मी आत्ता घातला. तेव्हा तो नुसता जड वाटायचा. पँट गुडघ्यापर्यंत ओली, त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले. बूट मी गॅलरीत नेऊन उलटे करायचे, आणि त्यांतून वाळू पडायची, ओंजळभर. मुलगी लहान होती तेव्हा ती वाळू बाटलीत भरून ठेवायची. मी पाणी तापवायचे, त्याचे पाय चेपून द्यायचे, आणि तो खाटेवर आडवा होऊन तिला फेरी सांगायचा. बंदराची दोन धुराडी एकामागे एक येऊन एकच दिसायला लागली, की डावीकडे वळायचं. मग लांबलचक वाळू. मग कडा, त्याच्या पायथ्याशी फक्त ओहोटीतच जाता येतं, उशीर केला तर मेलाच समजा. आणि तिथं पांढरा पट्टा मारलेला सुळका. "पट्टा दिसला की समजायचं, अर्धं झालं," तो म्हणायचा. "पट्टा दिसेपर्यंत खाली बसायचं नाही." मुलगी पलंगाला वळसा घालत घालत फेरी खेळायची, उशीला पट्टा म्हणायची आणि तिला शिवून मगच बसायची. मला ते ऐकताना काय वाटायचं? खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. सगळा दिवस एकट्यानं, कुणाची हाक नाही, पुढं नुसतं पाणी. एकदा म्हटलंही, "मी येऊ का हो पुढच्या वर्षी?" तर म्हणाला, "तिथं बायकांची सोय नाही." ती सोय म्हणजे काय हे बोलायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून विषय तिथंच मिटला.

निवृत्त झाल्यावर त्यानं जाहीर केलं, की आता पुरे, गुडघे बोलायला लागलेत. थंडी आली तशी मी एका संध्याकाळी जेवताना म्हटलं, "या वर्षी मी जाऊन येते." तो हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं राहून गेलं. त्यानंतरचा आठवडा तो रोज एक नवीन भीती घेऊन यायचा. तिथं कुत्री आहेत. शेवाळ आहे. भरतीचा नेम नाही. बाईमाणूस एकटं. मुलीला फोन करून सांगितलं, ती म्हणाली, "बाबा, जाऊ दे की तिला, नाही झेपलं तर येईल परत." मला वाटलं, काळजी करतोय. इतक्या वर्षांनी का होईना, करतोय. एका रात्री म्हणाला, "तुला दाखवायचंय काय नक्की, आणि कुणाला?" मी म्हटलं, "तुम्हाला. मला धाप लागते का ते." त्यावर तो कूस बदलून झोपला, म्हणजे झोपल्यासारखा पडून राहिला. मला तेवढंच हवं होतं. त्याची फेरी आपल्या पायांनी पुरी करून संध्याकाळी त्याच्यासमोर उभं राहायचं आणि श्वास लागलेला नसावा. बाकी मला काही नको होतं.

पहिल्या बसनं गेले. शेवटच्या स्टॉपवर उतरले तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं. बोटींच्या धक्क्यावरची शेड बंद होती, एक कुत्रं अंगाचं वेटोळं करून पडलं होतं, त्यानं मान वर करायचीही तसदी घेतली नाही. पाठीवर त्याचीच बॅग, खाकी, तिचा एक पट्टा तुटला होता तेव्हा मी कारखान्यातलं लाल कापड दुहेरी शिवून लावलेलं, त्याला ते कधी आवडलं नाही पण वापरायचा. आत पाव, उकडलेली अंडी, दोन संत्री, पाणी. त्याला द्यायचे तेच मला घेतलं. चालायला लागले आणि थोड्याच वेळात असं काही झालं की ज्याची मी तयारी केली नव्हती: मला मजा वाटायला लागली. टेबलाच्या टोकाला गेल्यावर वळावं लागतं. इथं टोकच नव्हतं. पाय आपले आपण पडत होते, ओल्या वाळूवर टाच आधी, मग चवडा, आणि गार वारा कानात शिरत होता आणि मला कुणाला काही विचारायचं नव्हतं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मला कळत होतं की मी चालू शकते. हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही याचा राग तिथंच आला, पण तो तेव्हा लहान होता.

धुराड्यांपाशी गोंधळ झाला. मला ती दोन्ही दिसत होती, खाडीपलीकडे, धुरकट. ती एकामागे एक यायची मी वाट बघत चालत होते. पण मी जितकी पुढं जावी तितकी ती एकमेकांपासून लांब जात होती. मागं येऊन बघितलं. थांबून, वाकून, एक डोळा मिटून बघितलं, जसं कापडाची उभी वीण बघतात. नाही. मला वाटलं, माझंच चुकतंय. त्यानं सांगितलेलं काही ऐकताना निसटलं असेल, पाय चेपताना माझं लक्ष कुठं सगळं असायचं. वळायची पायवाट समोर स्पष्ट दिसत होती, तरी मी वळले नाही, धुराड्यांची वाट बघत पुढं गेले आणि चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले आणि तसेच ओले बूट ओढत परत आले. या खेपेला वेळ गेला. तो असता तर हसला असता, असं मनात आलं, आणि मी त्याच्यासाठी स्वतःवर हसले. सवय.

मग त्यानं सांगितलेली लांबलचक वाळू होती. ती खरी होती. तिचा शेवट येईना. ऊन चढलं, पायात गोळे आले, ओल्या मोज्यांनी टाचा सोलायला सुरुवात केली, पण पट्टा दिसेपर्यंत बसायचं नाही हे डोक्यात पक्कं होतं, त्यामुळे संत्रीसुद्धा चालता चालता सोलली. कड्याच्या पायथ्याशी पोचले तेव्हा ओहोटी सरत आली होती. तिथं समुद्रातून वर आलेले सुळके होते, एक नाही, तीन, काळे कुळकुळीत, त्यांच्या पाठीवर पक्ष्यांची घाण सोडली तर पांढरं काही नाही. मी पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत गेले. परत पहिल्यापाशी आले. खडकांवर चढून मान वाकडी करून बघितलं. पट्टा पुसला गेला असेल म्हणून जवळ जाऊन बघावं तर मधे पाणी. आणि ते पाणी आता हळूहळू खडकांच्या फटींतून आत शिरत होतं, आवाज न करता, मला न विचारता. घाबरले. तरी निघवेना. पट्टा नाही म्हणजे मी चुकीच्या ठिकाणी आहे, आणि मी चुकीच्या ठिकाणी आहे म्हणजे तो बरोबर होता, असं काहीतरी डोक्यात फिरत होतं.

पलीकडच्या वाळूवर एक माणूस होडी उलटी करून तिचं बूड खरवडत होता. मी ओरडून विचारलं, "भाऊ, इथं पांढरा पट्टा मारलेला सुळका कुठला?"

त्यानं हात थांबवला नाही. "तो काय मधला."

"कुठाय पट्टा?"

"पलीकडच्या अंगाला. इकडून कसा दिसेल? बोटवाल्यांसाठी मारलाय तो. समुद्रात लांब गेलं की दिसतो." मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तुम्ही आधी या बाजूला या बघू. पाणी येतंय. पट्टा काय घरी न्यायचाय का?"

"चालणाऱ्याला कुठूनच दिसत नाही?"

"बाई, मी जन्मल्यापासून इथं आहे. मलासुद्धा होडीत बसल्याशिवाय दिसत नाही. या लवकर."

मी गेले. कशी गेले ते सांगता येत नाही, खडकांवरून, हात टेकत, एका ठिकाणी पाणी मांडीपर्यंत आलं. पलीकडे वाळूवर पोचून उभी राहिले आणि धुराडी आठवली. एकामागे एक येऊन एकच दिसणारी. तीही समुद्रातूनच येत असणार. जहाजावरच्या माणसानं कुठं वळायचं ते कळावं म्हणून. नवऱ्यानं मला सांगितलेली एकेक खूण मी आठवली, आणि त्यांतली एकही पायी जाणाऱ्याच्या उंचीची नव्हती. तो किनाऱ्याकडे पाण्यातून बघत होता. टेबलावर बसून, भिंगातून, जहाजाच्या डोळ्यांनी. आणि जहाजात तो कधी बसला नव्हता. लग्नानंतर एकदा बसलो होतो, खाडी ओलांडायच्या साध्या बोटीत. पलीकडे पोचेपर्यंत बोट लागून त्यानं माझ्या नव्या पर्सचा सत्यानाश केला होता, आणि परत यायला आम्ही पूर्ण दिवस बसनं फिरून आलो. त्यानंतर त्यानं पाण्याचा धसका घेतला तो कायमचा. म्हणजे त्यानं पट्टा बघितला नव्हता. कड्याखालून तो गेला नव्हता. एकाही वर्षी नाही. मी वाळूत बसले. अर्धं झालं होतं की नाही ते सांगायला कुणी नव्हतं.

मग साहजिकच मनात बाई आली. दुसरी बाई. तिला यायला फार वेळ लागला नाही. चालायला उठले आणि ती माझ्याबरोबर चालायला लागली. दर वर्षी एक दिवस. फार मागणारी नसणार, एका दिवसावर भागवणारी. मी तिला घर दिलं, एकमजली, खिडकीतून समुद्र दिसेल असं. आवाज खालचा दिला. केस मोकळे दिले, मग चिडून बांधले. ती त्याला काही विचारत नसेल, डबा कुणी दिला हेसुद्धा नाही. माझा पाव, माझी अंडी तिच्या टेबलावर. आणि संध्याकाळी निघताना तीच त्याला आठवण करत असेल, "अहो, बूट ओले करायचे राहिले." की 'अरे' म्हणत असेल? तिथं मी थांबले. त्याला 'अरे' म्हणणारी बाई जगात असेल या विचारानं माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की टाचांचं दुखणं विसरले. बुटात वाळू आपोआप आली नसणार. ओंजळीनं भरली असणार. त्यानं भरली की तिनं? त्या वाळूच्या बाटल्या मुलीनं लग्न होईपर्यंत ठेवल्या होत्या. आणि मी ते पाय चेपले, ज्यांनी काही केलं नव्हतं. अंगठ्यानं पोटऱ्या चेपल्या, "इथं दुखतंय का, इथं?" आणि तो "हं, तिथंच" म्हणायचा. हे मला पट्ट्यापेक्षा, धुराड्यांपेक्षा लागलं. तिथंच म्हणायचा.

रागावर माणूस किती चालतो. उरलेला निम्मा किनारा मी रागावर काढला. दगडांचा उतार, मग मिठागरांच्या बांधावरून, मग खाडीवरचा अरुंद पूल. वारा समोरून होता, ओठांवर मीठ, उजव्या पायाचं नख आत बुटात वेगळं हलत होतं. मधे एका दगडाआड बसले, तेव्हा लक्षात आलं, बायकांची सोय ती हीच, सगळीकडे आहे. तिथं मला हसू आलं, एकटीलाच, आणि ते कुणासाठी नव्हतं. आणि वाईट हे, की मधूनमधून मला ती मजा परत वाटत होती. पुलाच्या मध्यावर पाणी दोन्ही बाजूंनी सोनेरी झालं होतं आणि माझी सावली लांब, काटक, एखाद्या तरण्या बाईसारखी पुढं चालली होती. हे सगळं खरं होतं आणि त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. मी त्याला हरवायला आले होते आणि इथं हरवायला कुणी नव्हतंच. मोकळ्या मैदानात शर्यत जिंकून आल्यासारखी मी उजेड असतानाच शेवटच्या स्टॉपवर पोचले. श्वास अगदी नीट होता.

बस यायला अवकाश होता. धक्क्यावरची शेड आता उघडी होती, आत चहाची टपरी, मागं माझ्याच वयाची एक बाई. मी चहा मागितला आणि बॅग फळीवर ठेवली. तिनं चहा ओतता ओतता लाल पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ही बॅग ओळखीची आहे," ती म्हणाली. "साहेब कुठायत? या वर्षी आले नाहीत."

ही? हिचं घर? मी तिचे हात बघितले, केस बघितले. तिनं अंगात स्वेटर घातला होता, कोपराला उसवलेला. "तुम्ही ओळखता त्यांना?" मी म्हटलं.

"ओळखायचं काय, दर वर्षी थंडीत यायचे ना एकदा. सकाळी यायचे, शेवटच्या बसनं जायचे. तुम्ही त्यांच्या घरच्या का?"

"हो. कुणाकडे यायचे?"

"कुणाकडे?" तिला प्रश्नच कळला नाही. "इथंच बसायचे. त्या बाकावर."

"बरोबर कोण असायचं?"

"कोणी नाही हो. एकटेच. पहिल्या वर्षी मला भीतीच वाटली, म्हटलं, जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायला आलाय हा माणूस. डोळा ठेवून होते. पण नाही. डबा खाल्ला, दोनदा चहा घेतला, जरा झोपले. संध्याकाळी मात्र पाण्यात जाऊन उभे राहायचे, बूट घालून. आता काय म्हणावं! पण समुद्र बघायला आले म्हणावं तर तेही नाही. दिवसभर समुद्राकडे पाठ."

"बोलायचे काय?"

"काही नाही. मी एकदा विचारलं, घरी कोणी नाही का? तर म्हणाले, आहेत ना. चांगली आहेत."

चहा गार होईपर्यंत मी त्या फळीला धरून उभी राहिले. चांगली आहेत. त्याऐवजी तो मला शिव्या घालता तर मी त्याला उत्तर दिलं असतं. बायको डोकं खाते म्हणाला असता, घरात जीव गुदमरतो म्हणाला असता, तर माझ्याकडे इतक्या वर्षांचं बोलणं तयार आहे, मी ते अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवलं असतं. दुसरी बाई असती तर तिच्या दारात जाऊन उभी राहिले असते. पण हा माणूस एक दिवस आमच्यापासून लांब बसता यावा म्हणून वर्षभर एक थाप जपत होता, ती थाप खरी दिसावी म्हणून संध्याकाळी भर थंडीत पाण्यात उभा राहत होता, आणि त्या बदल्यात त्याला हवं काय होतं, तर एक बाक. एवढं त्यानं मागितलं असतं तर मी दिलं नसतं का? नसतं दिलं. 'बसून काय करणार?' म्हटलं असतं. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं, म्हणून त्यानं डोंगर-कडे उभे केले. पुरुषानं चालायला गेलं तर टाळ्या पडतात. नुसतं बसायला गेलं तर लोक डॉक्टर बघतात.

मी त्या बाकावर जाऊन बसले. त्याच्यासारखी, समुद्राकडे पाठ करून. समोर एक भिंत, तिच्यावर जुनं वेळापत्रक, पाण्याची टाकी, उभी असलेली रिकामी बस. यात त्याला काय मिळत होतं ते शोधायचं होतं मला. पहिल्यांदा काही मिळालं नाही, नुसत्या पोटऱ्या ठणकत होत्या. मग टाकीतून थेंब पडत होते ते ऐकू आले. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. कुणी मला काही मागत नव्हतं, मी कुणाला काही देणं लागत नव्हते, आणि भिंत भिंतच होती, तिच्याबद्दल कुणाला काही सांगायचं नव्हतं. बरं वाटायला लागलं. इतकं बरं वाटलं की मला रडू आलं, आणि ते रडू चांगलं नव्हतं, तळमळीचं होतं. कारण हे त्यानं एकट्यानं खाल्लं होतं. वाट मिळाली, पण स्वतःपुरती. मला तो आठवड्यातून सहा दिवस टेबलाशी उभी बघत होता, सातव्या दिवशी ओट्याशी, आणि एकदाही त्याच्या मनात आलं नाही की हिलाही एखादा बाक लागत असेल.

बसमधे मुलीचा फोन आला. "आई, झाली फेरी? कुठपर्यंत गेलीस? फोटो पाठव ना!" फोनमधे फोटो होता एक, पुलावरून काढलेला, पाण्याचा आणि माझ्या सावलीचा. मी म्हटलं, "घरी पोचते आणि सांगते." खिडकीच्या काचेत मी बोलायची वाक्यं जुळवत होते. जहाजातून पट्टा छान दिसत असेल नाही हो? हे एक. टपरीवाल्या बाई विचारत होत्या तुम्हाला, हे दुसरं. दुसऱ्यावर तो कसा बघेल ते मी पुन्हा पुन्हा बघून घेतलं. त्याला मान खाली घालताना बघायचं होतं मला. मग मुलीला सांगायचं. मग हेडक्लार्कला कुणीतरी सांगेलच.

मी घंटी वाजवायच्या आधीच त्यानं दार उघडलं. म्हणजे तो दाराशीच होता, किती वेळ कोण जाणे. दाढी केली नव्हती. "आलीस?" म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे न बघता बॅगेकडे बघितलं. "झाली?" आवाज फाटला. कारखान्यात एखादी पोर सगळे थर चुकीचे कापून बसते आणि मास्तरीण यायची वाट बघत टेबलाला चिकटून उभी राहते, तसा तो चौकटीला धरून उभा होता. बोलून टाकायला ती वेळ अगदी योग्य होती. वाक्यं जिभेवर होती. आणि मी म्हटलं, "नाही. नाही जमलं."

मला त्याची दया आली असं कुणी समजू नये. मला बघायचं होतं. आणि मी बघितलं: त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला, खांदे खाली आले, पाठ सरळ झाली, दोन मिनिटांत माझा नवरा पुन्हा माझा नवरा झाला. "मी सांगत होतो," तो म्हणाला. "सांगत होतो की नाही? बस, बस अशी." खुर्ची ओढली. चहा टाकला, स्वतः. मुलीला फोन लावून मोठ्यानं सांगितलं, "आली ग आई. नाही झेपलं, पण या वयात निघाली हेच खूप. नाही, नाही, हसायचं नाही तिला." इतका प्रेमळ तो मला कधी दिसला नव्हता. मला वाकता येत नव्हतं, ते त्याच्या लक्षात आलं आणि तो गुडघे मोडून खाली बसला, दुखणारे गुडघे, आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बूट निघाला. मोजा निघेना. टाचेला रक्तानं चिकटला होता. त्यानं तो हलक्या हातानं, नकाशाला चिकटलेला कागद सोडवावा तसा सोडवला. सोललेली टाच, काळं पडलेलं नख, घोट्यापर्यंत वाळलेला चिखल, मांडीपर्यंत मीठ. ज्यानं जन्मभर किनारे काढले त्याला ते वाचायला भिंग लागणार नव्हतं.

"कुठपर्यंत गेली होतीस?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"कुठं नाही," मी म्हटलं. "पहिल्याच ठिकाणी बसले. धक्क्यावर शेड आहे ना, तिथल्या बाकावर. दिवसभर तिथंच होते."

त्याचा हात माझ्या पायावर होता तसाच राहिला. आत चहा उकळून वर आला, ओट्यावर सांडला, तो जळल्याचा वास आला, तरी आम्ही दोघंही उठलो नाही. मला त्याच्या टाळूवरचे विरळ केस दिसत होते, बाकी काही दिसत नव्हतं. मग तो म्हणाला, "दुपारी ऊन येतं तिथं."

"हो," मी म्हटलं. "पण सरकून बसलं तर दोघांना जागा होते."